एका प्रीवर दोन-तीन पॉवर अ‍ॅम्प: चालतं का, आणि अडतं कुठे

प्रश्न नेहमीचाच आहे. घरी एक बरा प्रीअ‍ॅम्प (थोडक्यात प्री, ज्यावर व्हॉल्यूमचा नॉब असतो तो डबा) आहे, त्याला एक पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा) आणि स्पीकरची एक जोडी लावलेली आहे, आणि आता हातात दुसरा अ‍ॅम्प आलाय, किंवा जुनी जोडी धूळ खात पडलीय ती शेजारच्या खोलीत वाजवायचीय, किंवा सबवूफर घ्यायचं चाललंय. मग डोक्यात येतं की एकाच प्रीमधून दोन अ‍ॅम्पला सिग्नल दिला तर तो अर्धा-अर्धा होणार का, प्रीवर लोड येणार का, काही जळणार तर नाही ना. विचारायला गेलं की निम्मे लोक सांगतात बिनधास्त लाव, वाय केबल (एका टोकाची दोन टोकं करणारी) घे आणि विषय संपव, उरलेले सांगतात अजिबात नको, इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात) मॅच होणार नाही. माझं मत पहिल्या गटाकडे झुकतं, पण गंमत अशी की हे दोघं ज्यावर भांडतात त्याचा त्रास सहसा होतच नाही, आणि ज्याचा होतो त्याचं नावच कोणी घेत नाही.

आधी भीती कुठून येते ते बघू, ती काही हवेतून आलेली नाही. बऱ्याच अ‍ॅम्पच्या मागे स्पीकर ए आणि स्पीकर बी असे टर्मिनलचे दोन सेट असतात, दोन्ही एकदम चालू केले की बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते पॅरलल जातात, म्हणजे ८ ओहमच्या दोन जोड्या लावल्या तर अ‍ॅम्पला दिसतात ४ ओहम आणि ४ च्या दोन लावल्या तर २. त्यात परत स्पीकरवर छापलेला ८ हा आकडा स्थिर नसतो, फ्रीक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, आयईसी ६०२६८-५ या स्टँडर्डप्रमाणे ८ ओहम म्हणवणारा स्पीकर कुठेतरी ६.४ पर्यंत उतरला तरी नियमात बसतो आणि काही स्पीकर तर तेही पाळत नाहीत. तिथे करंट अ‍ॅम्पिअरमध्ये वाहतो, ८ ओहमवर २० व्होल्ट म्हणजे अडीच अ‍ॅम्पिअर आणि ५० वॉट, ओहम अर्धे झाले की करंट दुप्पट, अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. तिथली भीती खरी आहे.

लोक काय करतात, तीच भीती उचलून प्रीच्या आउटपुटवर ठेवतात. तिथे परिस्थिती एकदम वेगळी आहे. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स साधारण १० किलोओहमपासून १०० किलोओहमपर्यंत असतो, ४७ किलोओहम हा तर नेहमी दिसणारा आकडा. प्रीने त्याला २ व्होल्ट दिले तरी करंट जातो ४३ मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आसपास आणि पॉवर निघते एका मिलिवॉटचा दहावा भागही नाही. म्हणजे प्री तिथे पॉवर देतच नसतो, तो फक्त व्होल्टेज दाखवत असतो आणि अ‍ॅम्प ते वाचून आपल्या पॉवर सप्लायमधून मोठं करून स्पीकरला देतो. वर्गात मास्तर एकदाच पाढा म्हणतात, ऐकणारी पोरं वीस असोत की चाळीस, पाढा काही वाटला जात नाही, तसंच हे. त्यामुळे दोन अ‍ॅम्प लावले की सिग्नल अर्धा होतो हे डोक्यातून काढून टाका.

मॅचिंगचं खूळ येतं टेलिफोनच्या जमान्यातून. लांबच लांब लाइनवर जास्तीत जास्त पॉवर पलीकडे पोचावी म्हणून दोन्ही टोकांना ६०० ओहम ठेवायचे, तीच सवय पुढे रेडिओ स्टेशन आणि स्टुडिओत गेली आणि मग तो शब्द सगळीकडे चिकटला. घरच्या ऑडिओत लाइन लेव्हलला, म्हणजे प्री ते अ‍ॅम्प जाणाऱ्या छोट्या सिग्नलला, मॅचिंग करतच नाहीत, उलट देणाऱ्याचा इम्पिडन्स कमीत कमी आणि घेणाऱ्याचा भरपूर जास्त असा मुद्दाम फरक ठेवतात. कामचलाऊ नियम एवढाच की घेणाऱ्या सगळ्यांचा मिळून इम्पिडन्स देणाऱ्याच्या निदान १० पट तरी हवा, २०-५० पट असेल तर बघायलाच नको.

सगळ्यांचा मिळून म्हणजे कसा, तर पॅरललचं शाळेतलं गणित. ४७ चे दोन अ‍ॅम्प लावले तर साडेतेवीस किलोओहम, तीन लावले तर साधारण साडेपंधरा. एक ४७ चा आणि एक १० चा असेल तर ८.२, म्हणजे सगळ्यात लहान जो असतो तोच खरा ठरवतो आणि एकूण नेहमी त्याच्याही खालीच येतो. आता समजा प्रीचा आउटपुट इम्पिडन्स ६०० ओहम आहे, जो ट्रान्झिस्टरवाल्या प्रीसाठी जास्तच म्हणायचा, तर एकट्या ४७ वाल्या अ‍ॅम्पवर लेव्हल ०.१ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) पडत होती ती ८.२ वर ०.६ डीबी पडेल. कानाला कळणारही नाही, कळलं तरी व्हॉल्यूम केसभर वर. बऱ्याच चांगल्या प्रींचा आउटपुट १०० ओहमच्या आसपास असतो, तिथे एवढासुद्धा फरक नाही. हे दोन आकडे दोन्ही मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर असतात, दोन मिनिटात उत्तर मिळतं.

मग अडतं कुठे? पहिली जागा म्हणजे व्हॉल्ववाला म्हणजे ट्यूबचा प्री. त्याचा आउटपुट इम्पिडन्स सहज एक-दोन किलोओहम असतो, काहींचा पाचच्याही वर, पण खरी मेख दुसरीच आहे. ट्यूबच्या आउटपुटवर डीसी अडवायला एक कपॅसिटर असतो आणि तो कपॅसिटर आणि पुढच्या अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स मिळून बेस कापणारा फिल्टर तयार होतो. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि पुढे १० किलोओहमचा अ‍ॅम्प असेल तर १६ हर्ट्झला ३ डीबी पडतात, ठीक आहे, तिथे कोणाच्या गाण्यात काय असतं. आता तसलाच दुसरा अ‍ॅम्प लावा, लोड झाला ५ किलोओहम आणि तो ३ डीबीचा पॉइंट गेला ३२ हर्ट्झवर. कपॅसिटर ०.४७ चा असेल तर एका अ‍ॅम्पवरच ३४ हर्ट्झ आणि दोनवर ६८, म्हणजे बेस गिटारचा खालचा सूर सरळ पातळ होणार. आणि बरेचसे सबवूफर नेमके १०-२० किलोओहम इनपुटचे असतात, त्यामुळे माणूस बेस वाढवायला सब आणतो आणि मेन स्पीकरचा बेस आधीपेक्षा कमी होतो, मग दोष खोलीला देतो, स्पीकरच्या स्टँडला देतो. व्होल्टेजचं गणित बरोबर आलं तरी हे वेगळं तपासावं लागतं, आणि ट्यूबवाल्याने दुसरा अ‍ॅम्प निवडताना वॉटपेक्षा आधी इनपुट इम्पिडन्स बघावा असं मी सांगेन, ४७ किंवा १०० वाला असेल तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

बेसचं झालं, आता ट्रेबलचं. आरसीए केबलमध्ये (घरच्या ऑडिओची नेहमीची गोल प्लगची केबल) आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात कपॅसिटन्स असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. दोन अ‍ॅम्पसाठी दोन केबल म्हणजे दोन्हींचा कपॅसिटन्स मिळवायचा. दहा-दहा मीटरच्या दोन केबल ओढल्या तर २००० पिकोफॅरड झाले, १०० ओहमच्या प्रीला त्याचं काही नाही, पण ५ किलोओहमच्या ट्यूब प्रीवर १६ किलोहर्ट्झलाच ३ डीबी गेलेले असतात आणि झांजेची चमक कमी वाटायला लागते. म्हणून लांब केबल ओढायची की अ‍ॅम्प प्रीजवळ ठेवून लांब स्पीकर वायर टाकायची याचं उत्तर सगळ्यांना एकच नाही. प्री कमी इम्पिडन्सचा असेल तर लांब इंटरकनेक्ट (सिग्नलची केबल) चालतं, नसेल तर स्पीकर वायर लांब ठेवा आणि ती जाड घ्या, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १० मीटर टाकली तर जाऊन-येऊन ०.१४ ओहम होतात, ८ ओहमच्या स्पीकरला चालण्यासारखं आहे.

दुसरी अडचणीची जागा म्हणजे पॅसिव्ह प्री, ज्यात आत फक्त व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) असतो, वीज नाही काही नाही. भक्त मंडळींना तो फार आवडतो, आणि एका अ‍ॅम्पवर, छोट्या केबलवर तो खरंच सुंदर वाजतो. पण त्याचा आउटपुट इम्पिडन्स व्हॉल्यूमप्रमाणे बदलतो, १० किलोओहमचा पॉट असेल तर मधे कुठेतरी तो अडीच किलोओहमपर्यंत जातो, १०० चा पॉट असेल तर २५ पर्यंत. त्याच्यावर दोन-तीन अ‍ॅम्प लटकवले तर व्हॉल्यूम फिरवला की आवाजाचा पोतच बदलतो. इथे माझं मत साफ आहे की मधे बफर (सिग्नलला करंटची ताकद देणारा छोटा डबा, पुढे सांगतो) टाकल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष जोडायचं कसं. प्रीला दोन आउटपुट सॉकेट असतील तर बरंच, नसेल तर वाय केबल किंवा स्प्लिटर, इलेक्ट्रिकली दोन्ही बहुतेक वेळा सारखंच असतं कारण बऱ्याच प्रीमध्ये ती दोन सॉकेट आत एकाच ठिकाणी जोडलेली असतात. काही प्रीत प्रत्येक आउटपुटला वेगळा बफर असतो, ती चैन आहे. एक्सएलआर (तीन पिनांचं सॉकेट) आणि आरसीए दोन्ही असतील तर एका अ‍ॅम्पला हे आणि दुसऱ्याला ते असं सहसा चालतं, फक्त एक्सएलआरची लेव्हल बहुतेक ठिकाणी ६ डीबी जास्त असते ते लक्षात ठेवा. एक्सएलआरमधून आरसीए काढायचं अ‍ॅडॅप्टर मात्र जपून, त्यातले बरेच पिन ३ सरळ ग्राउंडला जोडतात आणि काही प्रीत त्या पिनवर जिवंत सिग्नल असतो, तो शॉर्ट केलेला सगळ्यांना सहन होत नाही, मॅन्युअल काय म्हणतं ते बघा.

टेप आउट किंवा रेकॉर्ड आउट लिहिलेलं सॉकेट रिकामं दिसतं म्हणून तिथे पॉवर अ‍ॅम्प लावायचा मोह होतो. नको. ते व्हॉल्यूमच्या आधीचं असतं, तिथे सिग्नल कायम फुल येतो, अ‍ॅम्पला स्वतःचा व्हॉल्यूम नसेल तर पहिल्याच गाण्याला ट्वीटर उडतील.

वाय केबल उलटी कधीच लावायची नाही. एका आउटपुटमधून दोन इनपुट ठीक, पण दोन आउटपुट एकत्र करून एका इनपुटमध्ये घातले तर दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतात. हे मुद्दाम कोणी करत नाही, पण सबवूफरला एकच इनपुट असला की डावा-उजवा वायने जोडून टाकतात, आणि मग सब वाजतो हो, पण प्रीच्या आउटपुटलाच डावा-उजवा एक झाल्यामुळे मेन स्पीकरही मोनो होतात किंवा निदान स्टेज (आवाजाचा डावा-उजवा पसारा) आकसतो. सबला डावा आणि उजवा असे दोन इनपुट असतील तर दोन केबल लावा, तो आत रेझिस्टरमधून नीट बेरीज करतो. एकच असेल तर फक्त एक चॅनल द्या किंवा बेरीज करणारा छोटा डबा घ्या.

पुढचा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे बंद ठेवलेला अ‍ॅम्प. आपण समजतो की शेजारच्या खोलीतला अ‍ॅम्प बंद केला म्हणजे तो सर्किटमधून गेला. तो गेलेला नसतो, केबल तशीच लागलेली आहे, त्याचा इनपुट अजून प्रीवर लटकलेला आहे, फरक इतकाच की आता त्याच्या आत वीज नाही. मॅन्युअलमधला ४७ किलोओहम हा आकडा अ‍ॅम्प चालू असतानाचा असतो. वीज नसताना आतले इनपुट ट्रान्झिस्टर आणि प्रोटेक्शनचे डायोड विचित्र वागतात, सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते चालू होऊन करंट ओढायला लागतात, म्हणजे हळू आवाजात काहीच कळत नाही आणि मोठ्या आवाजाला शिखरं चेपली जातात. ही चेपाचेपी प्रीच्या आउटपुटवर होते, त्यामुळे चालू असलेल्या अ‍ॅम्पमध्येही तेच ऐकू येतं. प्रीचा आउटपुट ५० ओहमचा असेल तर तो दामटून नेतो आणि फरक नगण्य असतो, दोन-तीन किलोओहमचा ट्यूब प्री असेल तर डिस्टॉर्शन चांगलंच कळतं. सगळे अ‍ॅम्प असं करत नाहीत, काहींच्या इनपुटला आधी मोठा रेझिस्टर असतो, ट्यूब अ‍ॅम्प तर बंद असताना बहुधा गरीब गाईसारखे पडून असतात.

तपासणं एकदम सोपं आहे. दुसरा अ‍ॅम्प बंद ठेवा, पहिल्यावर ओळखीचं गाणं जरा मोठ्याने लावा, मग व्हॉल्यूम शून्यावर नेऊन बंद अ‍ॅम्पची केबल प्रीमागून काढा आणि परत तेवढ्याच आवाजात ऐका. केबल काढल्यावर आवाज मोकळा झाला तर चोर सापडला. उपाय म्हणजे दोन्ही अ‍ॅम्प कायम एकत्र चालू ठेवा, किंवा मधे एक स्विचबॉक्स टाका जो नको असलेल्या अ‍ॅम्पची लाइन खरोखर तोडतो, किंवा बफर.

आता हा बफर बफर काय चाललंय ते एकदाचं सांगतो. लाइन स्प्लिटर किंवा डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प नावाने छोटा डबा मिळतो, त्याचा इनपुट इम्पिडन्स जास्त असतो त्यामुळे प्रीला तो हलकाच वाटतो, आणि आत प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ऑपअ‍ॅम्प (छोटी अ‍ॅम्प्लिफायर चिप) असतो जो व्होल्टेज आहे तेवढंच ठेवतो पण करंट द्यायची ताकद वाढवतो. एनई५५३२ सारखी साधी, जुनी चिपसुद्धा ६०० ओहमचा लोड आरामात पेलते, मग १०-२० किलोओहमचे अ‍ॅम्प म्हणजे तिला काहीच नाही. एका आउटपुटची केबल शॉर्ट झाली तरी बाकीचे वाजत राहतात, साध्या वाय केबलमध्ये एक केबल शॉर्ट म्हणजे सगळं घर गप्प. शुद्धतावादी लोक म्हणतील मार्गात अजून एक चिप आली, तर त्यांना सांगा की तुमचं आवडतं रेकॉर्डिंग स्टुडिओतून बाहेर पडेपर्यंत अशा बऱ्याच चिप्समधून गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अर्थात १०० ओहमचा ट्रान्झिस्टर प्री आणि ४७ चे दोन अ‍ॅम्प असताना बफर घेणं म्हणजे उगाच खर्च.

लेव्हलचा गोंधळ हा पुढचा. दोन अ‍ॅम्प सारख्या वॉटचे असले तरी सारखे जोरात वाजतील असं नाही. १०० वॉटचा एक अ‍ॅम्प १ व्होल्ट इनपुटला फुल पॉवर देतो, त्याचा गेन (सिग्नल किती मोठा करतो ते) २९ डीबी, दुसरा १०० वॉटचाच अ‍ॅम्प २ व्होल्टला फुल पॉवर देतो, त्याचा गेन २३. व्हॉल्यूमचा नॉब एकच, म्हणून पहिला कायम ६ डीबी जास्त वाजणार. त्यात स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलला तो किती जोरात वाजतो) मिसळते, एक जोडी ९० डीबीची आणि एक ८४ ची असेल तर आणखी ६. जास्त गेनच्या अ‍ॅम्पला ९० वाली जोडी लावली तर फरक झाला १२ डीबी, एक खोली दणाणतेय आणि दुसरीत कुजबुज. पण तेच उलट लावा, जास्त गेनला ८४ आणि कमी गेनला ९०, दोन्ही बेरजा ११३ येतात आणि फुकटात लेव्हल जुळते, वर सेन्सिटिव्ह स्पीकरमधून येणारी अ‍ॅम्पची सळसळही कमी होते. काही विकत घ्यायच्या आधी जोड्या बदलून बघा एवढंच सांगणं आहे.

अदलाबदलीने जमत नसेल तर ज्याचा आवाज जास्त आहे त्याला खाली आणायचं. अ‍ॅम्पवर गेनचा नॉब असेल तर त्याने, नसेल तर आरसीएमध्ये घालायचे ६, १० किंवा १२ डीबीचे छोटे अ‍ॅटेन्युएटर मिळतात. पिंक नॉइज (सळसळीसारखा चाचणीचा आवाज) लावून फोनवरच्या साउंड मीटर अ‍ॅपने सारख्या अंतरावरून दोन्ही जोड्या मोजल्या की कामापुरतं अचूक होतं, अ‍ॅपचा आकडा खरा असायची गरज नाही, दोन्हीतला फरक बरोबर आला म्हणजे झालं. दुसरा अ‍ॅम्प इंटिग्रेटेड असेल, म्हणजे त्यालाही स्वतःचा व्हॉल्यूम असेल, तर त्याच्या ऑक्स इनपुटला प्री लावून त्याचा नॉब एका ठरलेल्या खुणेवर सोडून द्यायचा. मेन इन किंवा होम थिएटर बायपास असेल तर ते वापरा, फक्त तिथे त्याचा व्हॉल्यूम चालत नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

आता हमिंग. माझ्या मते जास्त अ‍ॅम्प जोडणारे शंभरातले बहुतेक लोक इम्पिडन्सवर नाही तर इथे अडकतात. एक अ‍ॅम्प होता तेव्हा शांत होतं, दुसरा जोडला आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. कारण असं की दोन्ही अ‍ॅम्प तीन पिनांचे, दोघांचीही बॉडी अर्थला, आणि आरसीएची जाळी दोघांना प्रीमध्ये परत जोडते. म्हणजे अर्थच्या तारेने एक आणि केबलच्या जाळीने दुसरा असा गोल रस्ता तयार झाला, त्याला ग्राउंड लूप म्हणतात, आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्या लूपमध्ये करंट फिरवतं आणि आरसीएमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असल्याने ती मेनची (घरच्या विजेची) घरघर सिग्नलमध्ये मिसळते. मेन ५० हर्ट्झचा असेल तर सूर ५० चा, ६० चा असेल तर ६० चा. घूं न येता झरझर, टोकदार बझ येत असेल तर ती बहुतेक वेळा मेनच्या दुप्पट आणि त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सीची असते आणि तिथे केबलची खराब जाळी किंवा डिमर, चार्जर यांच्यावर संशय घ्या.

शोधायचं असं, सगळी इंटरकनेक्ट काढा, अ‍ॅम्प एकटा शांत आहे का बघा, मग एक जोडा, मग दुसरा, कुठल्या केबलला घूं येतं ते कळेल. दर वेळी केबल काढता-घालताना अ‍ॅम्प बंद. सापडलं की आधी फुकटचे उपाय करा, सगळे अ‍ॅम्प आणि प्री एकाच सॉकेटवरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, दोन्ही अ‍ॅम्पच्या सिग्नल केबल एकमेकींना चिकटवून न्या म्हणजे लूपचं क्षेत्रफळ कमी होतं, पॉवर केबलपासून लांब ठेवा. टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्स प्रीला जोडलेला असेल तर त्याची डिशची किंवा केबलची वायर काढून बघा, पुष्कळदा चोर तिथेच असतो आणि शिव्या बिचारा नवा अ‍ॅम्प खातो. एवढ्याने नाही गेलं तर लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो सिग्नल चुंबकाने पलीकडे नेतो आणि जाळीचा धागा तोडतो, स्वस्तातले ट्रान्सफॉर्मर खोल बेस थोडा खातात म्हणून सबच्या लाइनवर बरा घ्या. दोन्हीकडे एक्सएलआर असेल तर ते सगळ्यात उत्तम.

प्लगची अर्थची पिन काढायचा किंवा अर्थची तार तोडायचा सल्ला कोणी देईल, हमिंग जातंही त्याने, पण ते कधीही करू नका. ती पिन अ‍ॅम्पच्या बॉडीत करंट उतरला तर फ्यूज किंवा एमसीबी उडावा म्हणून आहे. ती नसली आणि आत काही सुटलं तर तो करंट आरसीएच्या जाळीतून प्रीच्या बॉडीवर येईल आणि व्हॉल्यूम फिरवणाऱ्याच्या हातावर.

दोन्ही जोड्या एकाच खोलीत एकदम वाजवायच्या असतील तर मी तरी नको म्हणेन. तोच आवाज दोन जागांवरून कानापर्यंत येतो, अंतरात १ मीटरचा फरक असेल तर १७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा उलट्या पडून एकमेकींना खातात, मग ५१५ ला परत, ८६० ला परत, कंगव्याच्या दातांसारखी छिद्रं पडत जातात. पार्टीत चालतं, ऐकायला बसलं की धूसर वाटतं. तरी वाजवायच्याच असतील तर एक बघून घ्या, काही अ‍ॅम्प सिग्नल उलटा करून देतात, प्लसचा मायनस, आणि एक उलटा एक सुलटा असेल तर बेस गायब होतो. बेस भरपूर असलेलं गाणं लावून एका जोडीच्या दोन्ही स्पीकरची वायर अ‍ॅम्प बंद करून प्लस-मायनस बदला, ज्या पद्धतीत बेस जास्त येतो ती बरोबर. आणि आत डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेले नवे अ‍ॅम्प सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा देतात, ३ मिलिसेकंद म्हणजे आवाजाच्या हिशोबात १ मीटर, शेजारच्या खोल्यांत एक साधा आणि एक असा अ‍ॅम्प असेल तर दारात उभं राहिल्यावर आवाज जरा पोकळ वाटू शकतो.

स्पीकरच्या बाजूला नियम एकच, दोन अ‍ॅम्पचे आउटपुट कधी एकमेकांना भेटता कामा नयेत. बाय-अ‍ॅम्पिंग करताना, म्हणजे एकाच स्पीकरच्या वूफरला एक आणि ट्वीटरला दुसरा अ‍ॅम्प लावताना, स्पीकरमागच्या चार टर्मिनलमधल्या पत्र्याच्या पट्ट्या आधी काढायच्या, त्या राहिल्या तर दोन अ‍ॅम्प सरळ एकमेकांवर शॉर्ट. तिथे दोन्हींचा गेनही सारखाच हवा, नाहीतर स्पीकरचा तोल बिघडतो. एक स्पीकर दोन अ‍ॅम्पमध्ये आलटून पालटून वापरायचा स्विचबॉक्स घेत असाल तर तो प्लस आणि मायनस दोन्ही तारा तोडणारा हवा, कारण बरेच क्लास डी (स्विचिंगवर चालणारे) अ‍ॅम्प ब्रिज आउटपुटचे असतात, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यांचं मायनस म्हणजे ग्राउंड नसतं आणि सगळ्यांचे मायनस एकत्र करणारा डबा त्यांना मारतो. आणि ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर नसताना सिग्नल जाऊ देऊ नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, म्हणून एक प्री अनेक अ‍ॅम्प अशा सेटअपमध्ये स्पीकर काढलेला ट्यूब अ‍ॅम्प चालू राहिलाय का ते बघत चला.

चालू करायचा क्रम म्हणजे आधी प्री, तो स्थिर झाला की पॉवर अ‍ॅम्प, आणि बंद करताना उलट, आधी सगळे पॉवर अ‍ॅम्प मग शेवटी प्री, नाहीतर प्रीचा ठक्क आवाज एका ऐवजी सगळ्याच जोड्यांतून ऐकू येतो. मोठ्या टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरचे अ‍ॅम्प चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतात, दोन-तीन एकदम एका बटणावर टाकले तर एमसीबी पडू शकतो म्हणून एकेक करून लावा. रोजचा तो कंटाळा येत असेल तर प्रीमागचं १२ व्होल्ट ट्रिगरचं छोटं सॉकेट वापरा, प्री चालू झाला की तो अ‍ॅम्पला जागं करतो. हा ट्रिगर फार करंट देत नाही, किती मिलिअ‍ॅम्पिअर ते मॅन्युअलमध्ये असतं, तीन अ‍ॅम्पला पुरत नसेल आणि अ‍ॅम्पला ट्रिगर इन आणि ट्रिगर आउट दोन्ही असतील तर एकातून दुसऱ्यात अशी साखळी करा, काही अ‍ॅम्प पुढच्याला मुद्दाम थोडं थांबून सिग्नल देतात आणि एमसीबीचा प्रश्नही त्यातच सुटतो.